राखेतून माग काढणारी नायिका: पहिली अद्भुतकथा लिहिणाऱ्यांसाठी

दर उन्हाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयात मुलं-मुली आपापल्या गोष्टींच्या वह्या घेऊन येतात. अलीकडे त्यांत अद्भुतकथा पुष्कळ असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच एकाच प्रसंगानं सुरू होतात. काळी रात्र, आग, किंकाळ्या. जिथं दमल्या-भागल्याला आसरा मिळायचा ते ठिकाण बेचिराख झालंय आणि एक मुलगी राखेत उभी आहे. प्रसंग जोरकस असतो, पण तिसऱ्या पानावर गोष्ट अडते, कारण त्या मुलीला शोधायला काही ठेवलेलंच नसतं. मग स्वप्नात एखादा म्हातारा येऊन शत्रूचं नाव सांगतो, ती तलवार उचलते आणि तपास तिथंच संपतो.

अशा गोष्टी वाचून, त्यांवर बोलून माझं एक मत पक्कं झालंय. ते ठिकाण रोज कसं चालत होतं हे लेखकाला माहीत नसेल, तर त्याच्या राखेतून पुरावा निघत नाही. रोजच्या चालीत जिथं खंड पडला, तिथं पुरावा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

सोयीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते. जागा सातपुड्याच्या पायथ्याची, जिथं मेळघाटचं जंगल संपतं आणि पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन सुरू होते. तिथं एक गढी, उंबरगढी. नायिका चंदी, गायक्याची म्हणजे गुराख्याची पोर, वय सतरा. गढीही माझ्या मनची आणि चंदीही.

पहिली पायरी: आसरा कशामुळे आहे ते ठरवा

‘सुरक्षित ठिकाण’ म्हटलं की नवे लेखक उंच भिंती आणि मंतरलेलं कवच लिहितात. आपल्याकडच्या गढ्या पाहा. विदर्भात कितीतरी गावांत पांढऱ्या मातीचा एक उंचवटा असतो, बुरुजाचा एखादा ढासळलेला तुकडा असतो, वर निवडुंग माजलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या टोळ्या या भागात फिरत. १८१७-१८ च्या मोहिमेत त्या मोडल्या गेल्या. तोवर टोळी येतेय म्हटलं की बायकापोरं, दाणागोटा, जमलं तर गुरंही आत घ्यायची आणि दार लावायचं, एवढाच उपाय गावाच्या हाती असे. म्हणजे आसरा मातीच्या भिंतीपेक्षा एका कबुलीवर उभा होता: वेळ आली तर आत घेऊ.

तुमच्या गोष्टीत ती कबुली एका वाक्यात लिहून काढा. उंबरगढीची कबुली अशी: रिकाम्या हातानं वेशीत आलेल्याला नाव-गाव-जात न विचारता एक रात्र आणि एक भाकर. तिची राखण तळ्याकाठच्या साती आसरा करतात. आपल्या भाषेनं इथं केवढी देणगी देऊन ठेवली आहे! आसरा म्हणजे आधार, आणि पाण्यातल्या त्या सात देवीही आसराच. शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही कुठल्या ना कुठल्या विहिरीपाशी पाहिलेच असतील. परक्या देशाची देवता आणून बसवायची गरज नाही.

दुसरी पायरी: एक दिवस पूर्ण जगून घ्या

सर्वांत जास्त वेळ इथं घालवा. हल्ला लिहायच्या आधी गढीचा एक साधा दिवस पहाटेपासून निजानीजेपर्यंत लिहा. तो गोष्टीत छापायचा नाही, वहीच्या मागच्या पानांवर असू द्या.

महिना आधी ठरवा. मी चैत्र घेते, म्हणजे मोहाचे दिवस. मोहाची फुलं रात्रभर आणि पहाटे गळतात, म्हणून बायका आणि पोरं उजाडायच्या कितीतरी आधी टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला गेलेली असतात. झाडाखाली वाळलेला पाचोळा असेल तर फुलं दिसत नाहीत, म्हणून तो जाळून जागा साफ करायची रीत आहे. त्या जाळातून वणवेही लागतात, म्हणून वनखातं तसं करू नका म्हणून सांगत असतं. सूर्य वर आला की माणसं परततात, फुलं अंगणात वाळत पडतात, सगळ्या गावाला तो गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो. तोवर गायकी घरोघरची गुरं सोडून आखरावर जमवतो. बंड्या, म्हणजे बैलगाड्या, निघतात. घरात कापूस भाव वाढेल या आशेनं तसाच पडलेला असतो, पोरं त्याच्यावर लोळतात आणि मग अंग खाजवत बसतात.

आता हल्ला पहाटे झाला असं धरा, आणि बघा काय काय आपोआप जागेवर येतं. वाचलेली माणसं कोण? मोहाला गेलेली. त्यांनी गावाकडचा धूर पाहिला नाही का? पाहिला. मोहाखाली कुणी पाला जाळला असेल असं त्यांना वाटलं. जिवंत राहिलेल्यांच्या छातीवर जन्मभराचा दगड ठेवायला एवढं पुरे, आणि तुम्हाला त्यासाठी काही रचावं लागलं नाही. चैत्रातल्या पहाटेनंच ते दिलं.

तिसरी पायरी: हल्ला आधी हल्लेखोरांच्या बाजूनं लिहा

हेही पान वाचकाला दाखवायचं नाही. कोण आले, किती, कुठून, कशासाठी, आत कसे शिरले, काय घेऊन गेले, कशाला हात लावला नाही. शेवटच्या प्रश्नावर थांबा. लुटारूनं काय सोडलं, हे त्यानं काय नेलं याहून जास्त बोलतं.

आत शिरण्याची रीत ठरवताना गाविलगड आठवा. चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे होता. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला. तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, पण आतला कोट तसाच उभा होता. शेवटी एक तुकडी दरीच्या अंगानं शिड्या लावून आत उतरली आणि दार आतून उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. गडावर कधी गेलात तर दोन्ही तटांमधल्या उतारावर उभे राहून पाहा. दोन तट बांधणाऱ्यांना कसली भीती वाटत असेल, ते तिथं कळतं.

उंबरगढीचं दारही आतूनच उघडलं. संध्याकाळी सात वाटसरू रिकाम्या हातानं आले. त्यांना भाकर मिळाली, ओसरी मिळाली. पहाटे मोहाची मंडळी बाहेर पडली आणि दाराचा अडसर पुन्हा लागायच्या आत त्या सातांनी दार धरलं. हत्यारं? ती दोन दिवस आधीच कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या बंडीतून आत आली होती. गढीची जी कबुली होती, तिच्याच वाटेनं घात आला. तुमच्या गोष्टीतला हल्लाही असाच त्या ठिकाणच्या चांगुलपणातून वाट काढून येऊ द्या. नुसती मोठी फौज आली आणि चिरडून गेली, तर नायिकेला विचारायला प्रश्न उरत नाही.

चौथी पायरी: अद्भुताला नियम, किंमत आणि मुदत द्या

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात वावरात अशा भेगा पडतात की लहान पोराचा पाय घोट्यापर्यंत आत जावा. लहानपणी आम्ही त्यांत खडे टाकून खाली पोचल्याचा आवाज ऐकत असू. चंदीचं अद्भुत मी तिथून उचललं: भेगेला कान लावला की त्या जागी शेवटचं जे बोललं गेलं ते तिला ऐकू येतं.

एवढ्यावर सोडलं तर ती एका दुपारीत सगळं ऐकून मोकळी होईल, म्हणून तीन बंधनं. एका भेगेतून एकच आवाज, आणि तोही एकदाच. ऐकलेल्या दर आवाजापोटी तिच्या आठवणीतलं एक नाव पुसलं जातं. आणि मृगाचा पाऊस पडला की भेगा बुजतात, आत राहिलेलं कायमचं गेलं.

तिसऱ्या बंधनाकडे नीट पाहा. मृग म्हणजे जूनचा पहिला आठवडा सरता सरता. वाचकाला तारीख सांगावी लागत नाही. आभाळात पहिला ढग आला, वारा फिरला, मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्या, की विदर्भातल्या वाचकाच्या पोटात गोळा येतो. एरवी ज्या पावसाची आपण डोळ्यांत प्राण आणून वाट पाहतो, तोच या गोष्टीत नको व्हावा, ही ओढाताण तुम्हाला दुसऱ्या कुठल्या मातीत मिळणार नाही.

पाचवी पायरी: आधी मोजदाद, मग माग

राखेत आल्याबरोबर नायिकेला शत्रूच्या मागे धाडू नका. कोण गेलं, कोण आहे, हे तिला मोजू द्या. चंदी लिहू-वाचू शकत नाही. ती जळक्या कापसातला चांगला पेळू निवडते, सूत वळते आणि गेलेल्या दर माणसामागे एक गाठ मारते. नावं विसरायची आहेत हे तिला माहीत आहे, म्हणून ती गाठी मारते. तिची किंमत आणि तिचं काम एका दोरीत आलं.

मी लहान असताना आमच्या गल्लीत एक घर जळलं होतं. सकाळी त्या घरची म्हातारी राखेत बसून काहीतरी चाचपत होती. पैसे असतील, दागिना असेल असं सगळ्यांना वाटलं. ती जात्याचा खुंटा शोधत होती. जातं दगडाचं, ते जागच्या जागी, वरची तळी काळी पडलेली, आणि खुंट्याच्या भोकात बोटभर राख. तिनं करंगळीनं ती राख उकरून काढली आणि पदराच्या टोकाला बांधली. जळालेलं गाव दाखवायला ज्वाळांची वर्णनं करू नका. असा एक खुंटा शोधा.

आता माग. चंदी गायक्याची पोर आहे, जमीन वाचणं तिला शिकवावं लागत नाही. म्हणून तिला तीच खूण दिसू द्या, जी तिच्या कामातून तिला कळेल.

बंडीची चाकोरी घ्या. तळ्याच्या काठच्या ओल्या गाळात चाकाच्या लोखंडी धावेचा माग उमटून वाळलेला आहे. त्या वाटेनं कुटाराची बंडी आली होती हे सगळे सांगतात. कुटाराची बंडी डोंगराएवढी फुगलेली दिसते पण वजनाला काहीच नसते. मग धाव चार बोटं का रुतली? हा प्रश्न चंदीनं नुसता चाकोरीत हात घालून विचारावा. उत्तर लगेच देऊ नका, दोन प्रकरणं जाऊ द्या.

कापसाची गंजी घ्या. पेटलेलं कुटार भडकून विझतं, कापूस मात्र आतल्या आत धुमसत राहतो, वरून थंड दिसला तरी. तिसऱ्या दिवशीही एका घरातल्या गंजीतून धूर येतोय, बाकी सगळीकडच्या विझल्या. ते घर शेवटी पेटवलं गेलं. का शेवटी?

आणि पेव. हे जरा सांभाळून लिहा. जुन्या वऱ्हाडी घरांत ज्वारी साठवायला जमिनीखाली पेव असे. बंद पेवात धान्य श्वास घेत राहतं आणि आतली हवा मारक होते. माझ्या आजोळी पेव उघडलं की आजी कुणालाही लगेच उतरू देत नसे. दोरीला कंदील बांधून आधी तो खाली सोडायचा. एकदा तो अर्ध्यातच बारीक झाला, निळसर झाला आणि विझला. आजीनं आम्हा पोरांना हातानं मागं सारलं, झाकण उघडंच ठेवलं, आणि त्या दिवशी कुणी आत उतरलं नाही. उंबरगढीत हल्ल्याच्या वेळी कुणीतरी पोरांना लपवायला जागा शोधली असेल. चंदी पेवाचं झाकण बाजूला करते, दिवा खाली सोडते, दिवा विझतो. तिथं परिच्छेद संपवा. पेव माहीत असलेल्या वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी आधीच्या एखाद्या साध्या प्रसंगात कंदिलाची रीत येऊन गेलेली असू द्या.

खुणा तीन-चारच ठेवा. लेखी खूण हवी असेल तर अमरावती जिल्ह्यातलंच रिद्धपूर डोळ्यांसमोर आणा. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपल्या. तशी एखादी लिपी तुमच्या जगात असू शकते. पण पंथाच्या खऱ्या पोथ्यांना जादूटोण्याचं पुस्तक करू नका, माणसांची श्रद्धा आहे ती.

सहावी पायरी: संशय कुणावर, हे जपून ठरवा

इथं मला मनापासून काही सांगायचं आहे. वह्यांमधून माझ्याकडे येणाऱ्या गोष्टींत हल्ला करणारे बहुतेक वेळा डोंगरातून उतरतात. काळे, रंग फासलेले, ढोल वाजवत. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, कुठंतरी पाहिलेलं असतं. पण मेळघाटच्या डोंगरात कोरकू आदिवासी राहतात, त्यांची पोरं तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात. त्यांनी ती गोष्ट वाचली तर?

उंबरगढीचे वाचलेले लोकही आधी डोंगराकडेच बोट दाखवतात. तसं होऊ द्या, खऱ्या गावात तसंच होतं. मग चंदीला एक खूण सापडू द्या. तळ्याच्या पायरीवर, काळ्या दगडावर, पाणी सांडून वाळल्याचा पांढरा डाग आहे. ती बोट लावून जिभेला लावते. खारट. डोंगराच्या पायथ्याच्या विहिरी गोड्या. खारं पाणी दक्षिणेला, पूर्णेच्या दोन्ही अंगांच्या खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या पट्ट्यातल्या माणसाला हे वाचताना आपल्या विहिरीची चव आठवेल. हल्लेखोरांच्या पखाली तिथं भरल्या होत्या. ते सपाटीवरून आले, आणि डोंगरातली माणसं तर जखमींना पाला घेऊन आली होती.

कोरकू पात्र आणणार असाल तर त्याला ढान्यावरचं, म्हणजे त्यांच्या पाड्यावरचं घर द्या, शेत द्या, घाई द्या, राग द्या. भुमका, म्हणजे त्यांचा पुजारी-वैदू, आणलात तर नुसत्या भविष्यवाण्या करायला आणू नका. कोरकू ही मराठीची बोली नाही, तिचं कुळच वेगळं, मुंडा भाषांचं. एक ओळ लिहायची असली तरी बोलणाऱ्या माणसाला विचारून लिहा.

सातवी पायरी: विचारपूस, आणि बोली

निवेदन तुमच्या सवयीच्या मराठीत ठेवा, बोलणं त्या गावच्या तोंडात. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो, बाईला हाक मारताना ‘व’ लागतो. पण प्रत्येक शब्द वाकवत बसू नका, वाचताना दम लागतो. आणि भंडारा-गडचिरोलीकडची झाडीबोली यात मिसळू नका, ती वेगळी.

मोहाला गेलेल्या बाईशी चंदी बोलते तो प्रसंग मी असा लिहीन:

“मामी, धूर पायला नाई का तुमी?”

“पायला ना व माय.” तिनं टोपलीतलं एक फूल उचललं, परत ठेवलं. “मोहाखाली कोनं पाला जायला असन, म्हनलं. रोजच जायतेत.”

“मंग?”

“मंग काय. येचत बसली. त्या दिवशी लय पडला होता मोह.”

मामी रडत नाही हे बघा. विचारपुशीत माणसं बाजूचंच काहीतरी सांगतात, आणि त्यातच सगळं असतं. चंदीनं पुढचा प्रश्न विचारू नये. तिनं टोपली उचलायला हात लावावा.

आठवी पायरी: आतला माणूस आणि वेशीचा निर्णय

कुटाराची बंडी कुणाची होती? ज्याची गंजी अजून धुमसतेय, ज्याचं घर शेवटी पेटलं, त्याची. त्याचे बैल सावकाराकडे गहाण पडले होते. हत्यारं आत न्यायची, टोळी दाणे उचलील आणि निघून जाईल, असं त्याला सांगितलं होतं. टोळीनं त्याचं घर शेवटपर्यंत राखलं आणि जाता जाता तेही पेटवलं. हा माणूस राक्षस नाही. कर्जाच्या गावात वाढलेल्या आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही, म्हणून त्याची बाजू मांडायला पानं खर्चू नका. चंदी त्याच्या वावरातल्या भेगेला कान लावते आणि त्याचाच आवाज ऐकते, बैलांना हाका मारणारा. त्या आवाजाची किंमत म्हणून तिच्या मनातून एक नाव जातं. कुणाचं, ते तुम्ही ठरवा, पण वाचकाला आवडत असलेल्या माणसाचं जाऊ द्या.

मग राहतो खरा पेच. नव्यानं दार बसवताना गाव म्हणतं, यापुढे कुणालाच आत घ्यायचं नाही. त्यांचं चूक आहे का? ज्यांची पोरं पेवात गेली त्यांना तुम्ही काय सांगाल? हा वाद मनापासून लिहा, दोन्ही बाजूंना त्यांचा पूर्ण आवाज द्या. चंदीला भाषण देऊ नका, तिची नावं संपत आली आहेत. मी तिथं आभाळ भरून आणीन, पहिले टपोरे थेंब पाडीन, धुळीचा वास सुटेल, भेगा बुजायला लागतील, आणि वेशीपाशी एक अनोळखी बाई पोराला घेऊन रिकाम्या हातानं भिजत उभी असेल. अडसर चंदीच्या हातात असेल.

शेवटची पायरी: मोठ्यानं वाचा

पहिला खर्डा झाला की तो पडद्यावर पुन्हा पुन्हा घोटू नका. जिनं बंडी हाकली आहे, मोह वेचला आहे, पेव पाहिलं आहे अशा एखाद्या आजीला किंवा आजोबांना गाठा. संध्याकाळी जेवणं झाल्यावर ओसरीवर बसा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. पेन्सिल जवळ ठेवा. त्या जिथं मधेच बोलतील, “असं नसते, बापू, धाव आतल्या अंगानं झिजते,” तिथं समासात खूण करा. जिथं त्या गप्प होऊन दुसरीकडे बघायला लागतील, तिथली ओळ पुढच्या खर्ड्यात बदलू नका.